निळ्या बाकावरची अक्का

या सदरातले अनुभव आमची ही दुपारी मोठ्यानं वाचते आणि मी हसतो. सगळी नोकरी जमीन मोजणी खात्यात काढली मी — साखळी टाकायची, काठी रोवायची, जे भरेल ते कागदावर. लोक सांगायचे, साहेब त्या बांधावर मुंजा आहे, दुपारचं तिकडं फिरकू नका... मी मुद्दाम दुपारीच जायचो. मुंजा कधी भेटला नाही, ऊन मात्र दोनदा लागलं. तेव्हा या पानासाठी मी कधी लेखणी उचलेन असं तिला काय, मलाही वाटलं नव्हतं.

निमित्त झालं नातीचं. पोरगी पुण्याला नोकरी करते. गेल्या महिन्यात कोरियाला जाऊन आली. तिथल्या सिरीयलींचं तिला भलतं वेड. हिरो ज्या जिन्यावर उभा राहिला तो जिना, हिरॉइन ज्या कॅफेत बसली तो कॅफे, असं सगळं शोधत हिंडली म्हणे. धुळ्याला आली तेव्हा मोबाइलवर फोटो दाखवत बसली. एक इवलासा कॅफे, खिडकीशी लाकडी बाक, समोर कप. म्हणाली, "आबा, सिरीयलमध्ये ती इथंच बसून वाट बघते, आणि तो येतच नाही." मी चष्मा पुसायच्या निमित्तानं उठलो आणि मागच्या खोलीत जाऊन बसलो.

आता नीट पहिल्यापासून सांगतो.

मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मी बाविशीचा, नोकरी नवीकोरी. वडील आधीच गेलेले. धुळ्याच्या घरात आई आणि मी. थोरली बहीण अक्का, तिला सावद्याला दिलेली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. केळीवाल्यांचं घर. माणसं खाऊनपिऊन सुखी, पण रीतीभातीला कडक.

लग्नाआधी अक्का आणि मी सिनेमाचे जबर नादी. एक हिंदी सिनेमा आम्ही तीन वेळा पाहिला, कारण त्यातलं एक हॉटेल आपल्या चाळीसगावजवळचं, कन्नड घाटाच्या पायथ्याचं होतं. बाहेर निंबाचं झाड, झाडाखाली निळा बाक. हिरॉइन त्या बाकावर हिरोची वाट बघत बसते. चहा निवून जातो. मग ती तो बशीत ओतून, मान थोडी तिरकी करून पिते. एवढाच सीन हो! पण अक्का घरी कायम तसाच चहा प्यायची आणि आई कपाळाला हात लावायची. पाठवणीच्या वेळी अक्का फार रडायला लागली, तेव्हा मी तिच्या कानात सांगितलं, पहिल्या आखाजीला तुला घ्यायला मीच येतो, येताना चाळीसगावला उतरू आणि त्या बाकावर बसून चहा पिऊ. रडता रडता हसली ती.

खान्देशाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे ती दिवाळीच्या वरचढ. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, सांजोऱ्या होतात. पण सून आपली आपण निघत नाही. माहेरचं माणूस न्यायला जावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात आला नाही तर ट्रंक भरलेली असली तरी ती उंबऱ्याच्या आत. आणि जायचं ते आखाजीच्या आधी. आखाजीच्या दिवशी पितरांची घागर भरतात. त्या दिवशी अक्काच्या सासरी सून घराबाहेर पाठवत नसत.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट होती. फाल्गुनापासून आईनं अंथरूण धरलं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. अक्काला यातलं काही माहीत नव्हतं, आईनं कळवूच दिलं नाही. मला रजा मिळाली ती आखाजीच्या आदल्या दिवसाची. निघताना आईनं मनगट धरलं.

"अक्काले लई ये," ती म्हणाली. "मना जीवले बरं नई शे हाई तिले सांगू नको. रस्ताभर रडत बसी." म्हणजे अक्काला घेऊन ये, पण माझ्या जिवाला बरं नाही हे तिला सांगू नकोस.

धुळ्याहून सकाळच्या गाडीनं चाळीसगाव. तिथं गाडी बदलायची, मग जळगाव, भुसावळ, सावदा. दुपारी तीनच्या सुमारास पोचायचं आणि त्याच रात्री अक्काला घेऊन निघायचं. चाळीसगावला दोन-अडीच तास मोकळे होते. स्टेशनात बसून माशा मारण्यापेक्षा, म्हटलं, हॉटेल एकदा बघून ठेवावं, उद्या अक्काला नेताना चुकायला नको. असं मी मनाला सांगितलं. खरं सांगायचं तर मला दम निघत नव्हता. बसस्टँडवर गेलो, घाटाकडची एसटी धरली.

आणि काय सांगू, हुबेहूब! तोच निंब, तोच निळा बाक, रंग थोडा उडालेला. हॉटेलवाला पन्नाशीचा, गप्पिष्ट. शूटिंगच्या दिवसांत कोण कुठं बसलं, हिरोनं किती भजी खाल्ली, हे सांगताना त्याला श्वास घ्यायची फुरसत नव्हती. मी चहा घेतला, भजी घेतली. परतीची एसटी समोरून गेली. म्हटलं, पुढची धरू. पुढचीही गेली, तेव्हा मी हिरॉइनच्या जागेवर बसून दुसरी प्लेट खात होतो. सावद्याची गाडी चुकली हे मला तिथंच कळलं होतं. संध्याकाळची गाडी आहे की, रात्री पोचू, काय बिघडतंय... हे माझे शब्द. आई अंथरुणावर, अक्का ट्रंक भरून दारात, आणि हा शहाणा भजी खातोय.

साडेतीन झाले असतील. ऊन असं की रस्त्याकडे बघवत नव्हतं. हॉटेलच्या मागं एक विहीर होती, गाण्यात दिसते ती. ती बघायला गेलो. हातात भज्यांचा कागद तसाच. परत येताना भिंतीच्या कोपऱ्यावरून पुढं पाहिलं.

निळ्या बाकावर अक्का बसली होती.

दिवाळीला भाऊबीजेचं म्हणून मी नेलेलं जांभळं लुगडं. पायाशी ट्रंक, लग्नातली, वर गुलाब रंगवलेली. तिनं बशीत चहा ओतला, मान तिरकी केली, प्यायली. मग बशी खाली ठेवली आणि मान वळवून थेट माझ्याकडं पाहिलं. नजरानजर झाली. यात मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

तुम्ही म्हणाल, धावत गेला असशील. मी मागं सरकलो आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. ती सावद्याहून इथं कशी आली, एकटी कशी निघाली, हे डोक्यातच आलं नाही. डोक्यात एकच — सापडलो. तिच्याशिवाय आलो, तिच्या जागेवर बसून चहा प्यायलो, आणि आता ती समोर. काय थाप मारावी, याचा विचार करत मी तिथं उभा होतो. किती वेळ, देव जाणे. भज्यांचा कागद चुरगळून हात तेलकट झाला होता.

शेवटी पुढं गेलो तर बाक रिकामा. बाकावर कप आणि बशी, बशीत चहाचा तळ. हॉटेलवाला कपबशी उचलत होता. मी विचारलं, इथं बसलेली बाई कुठं गेली? तो म्हणाला, आत्ताच उठली, भाऊ यायचाय म्हणत होती, मी समजलो एसटीला उभी राहिली असेल. रस्ता दोन्ही बाजूंनी लांबवर दिसत होता. एसटी नाही, ट्रक नाही, चिटपाखरू नाही. मग त्यानं खिशातून एक रुमाल काढला, हा तिचा राहिला म्हणाला. पांढरा रुमाल, कोपऱ्यात हिरवा पोपट भरलेला, दुसऱ्या कोपऱ्यात गाठ. अक्कानं लग्नाआधी दोन रुमाल भरले होते. लाल पोपटाचा मला दिला, हिरव्या पोपटाचा तिनं ठेवला. गाठीत बडीशेप बांधायची तिची सवय.

मी वेड्यासारखा चाळीसगाव स्टेशनवर आलो. ती धुळ्याची गाडी धरायला आली असणार, असं वाटत होतं. धुळ्याच्या गाडीचे डबे पाहिले, बायकांची वेटिंग रूम बाहेरून हाका मारून पाहिली. या शोधाशोधीत माझी संध्याकाळची गाडीही निघून गेली.

सावद्याला पोचलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी. आखाजीच्या दिवशी! ओट्यावर गुलाबाची ट्रंक तशीच होती. अक्कानं पाणी आणून दिलं, अंगावर जांभळं लुगडं. तिची धाकटी नणंदच बोलली. वहिनी काल सकाळपासून ट्रंकेशी बसून होत्या, जेवायलाही उठल्या नाहीत, तीनची गाडी गेल्याचं कळलं तेव्हा तिथंच भिंतीला टेकून घटकाभर डोळा लागला, तेवढाच. ओट्यावरून त्या हलल्याच नाहीत, म्हणाली. मी गटागटा पाणी प्यायलो.

घागर भरून झाली होती. आज सून निघणार नाही, हे सासऱ्यांनी शांतपणे सांगितलं. वर विचारलं, उशीर का झाला, घरी सगळं ठीक ना?

इथं मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. आई जायला टेकलीय, उद्या पहाटे पाठवा. कडक असले तरी माणसं होती ती, पाठवलंच असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, आई अशी असताना तू कालचा दिवस कुठं घालवलास? म्हणून मी म्हणालो, "सगळं ठीक आहे. गाडी चुकली." सासूबाई म्हणाल्या, मग घाई काय, घरात आमच्या मुली आल्यात, केळीचे ट्रक भरायचेत, जेठात पाठवू. मी मान हलवली.

निघताना अक्का फाटकापर्यंत आली. आजूबाजूला कोणी नव्हतं. तिनं हात पुढं केला.

"मना रुमाल दे, भाऊ."

मी रुमालाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. खिशातून काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं गाठ सोडली, चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली, थोडी मलाही दिली. मग माझ्याकडं बघत म्हणाली,

"तू माले देखं ना? मंग काब लपना?"

पाहिलंस ना मला, मग का लपलास... आवाजात राग असता तर बरं झालं असतं. मी बडीशेप चघळत उभा राहिलो. आईचं तेव्हा तरी सांगावं, तेही मला सुचलं नाही. सुचलं होतं. धीर झाला नाही.

धुळ्याला एकटा उतरलो. आईनं माझ्या मागं दाराकडं पाहिलं. मी सांगितलं, जेठात येणार आहे. तिनं बरं म्हटलं आणि भिंतीकडं तोंड केलं. जेठ लागायच्या आत ती गेली. अक्का आली ती मातीला, तोंड बघायलासुद्धा उशीर झाला होता.

अक्कानं हे नवऱ्याला सांगितलं नाही, कोणालाच नाही. दर वर्षी राखी बांधली, माझ्या पोरांची लग्नं पुढं होऊन लावली. तिनं दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी मोकळा झालो असतो. म्हातारपणी एकदा मी म्हटलं, चल अक्का, ते हॉटेल आहे का पडलं, बघून येऊ, तुझा चहा राहिलाय माझ्याकडं. ती हसली. "मी तं जाई उनू ना," म्हणाली, म्हणजे मी तर जाऊन आले. त्याला आता सहा वर्षं झाली, तीही गेली.

त्या दुपारी बाकावर कोण होतं, मला सांगता येत नाही. सावदा ते कन्नड घाट हे अंतर मी मोजणीवाला माणूस, नकाशावर शंभरदा मोजलंय. घटकाभराच्या डुलकीत ते तुटत नाही. ऊन लागून भास झाला म्हणावं तर हॉटेलवाल्यालाही लागलं होतं का? आणि रुमाल? कुणाकडं उत्तर असेल तर जरूर कळवा, मला सापडलेलं नाही. अक्कानं विचारलं होतं त्याचं उत्तर मात्र मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, आणि ते मी तिला शेवटपर्यंत दिलं नाही.

परवा मी मागच्या खोलीतून परत आलो तेव्हा नातीनं विचारलं, "आबा, तुम्ही कधी गेला होता का हो असं, सिनेमातली जागा बघायला?"

"छे," मी म्हणालो, "आमच्या वेळी कुठं असली थेरं."

ती हे सदर वाचते, तिच्या आजीनं तिला सवय लावलीय. पोरी, गेलो होतो. तिथं माझी बहीण माझी वाट बघत बसली होती, आणि मी भिंतीमागं उभा होतो.