पंपाच्या जाडीची पेटी

गिटारवाले पायाखाली जी पेटी ठेवतात ती साधारण तळहातावर मावते. माझी मावत नव्हती. ती दोन हातांनी उचलावी लागे. एकदा आमच्या ऑर्केस्ट्रातल्या ढोलकीवाल्याच्या अंगठ्यावर ती पडली, तेव्हा तो पंधरा दिवस एका पायात चप्पल घालून फिरत होता आणि भेटेल त्याला माझं नाव सांगत होता.

या पेटीचं काम एवढंच, की गिटारचा सरळ, गुळगुळीत सूर एका बाजूनं आत घ्यायचा आणि दुसऱ्या बाजूनं फाटका, खरखरीत करून सोडायचा. पायानं बटण दाबलं की फाटका, पुन्हा दाबलं की सरळ. चांगला आवाज बिघडवायला माणसानं इतका आटापिटा का करावा, आणि बाजारात तयार मिळत असताना घरी का करावा, हे मला घरच्यांना इतक्या वर्षांत पटवता आलेलं नाही. आता पटवायचंही नाही. फक्त काय झालं ते सांगतो.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी दिवसा कोल्हापुरातल्या एका डेअरीच्या ऑफिसात कारकून होतो आणि शनिवार-रविवारी एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. लग्नं, जत्रा, गणपती. आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक मूळचे घड्याळवाले. त्यांचं घड्याळांचं दुकान होतं आणि माणसंही घड्याळासारखी चालावीत अशी त्यांची अपेक्षा असे. त्या दिवसांत नव्या सिनेमांच्या गाण्यांत तो फाटका आवाज सर्रास यायला लागला होता आणि लोक तो मागायला लागले होते. एका रविवारी तालीम संपल्यावर मालकांनी मला बाजूला घेतलं. मुरगूडच्या जत्रेतल्या कार्यक्रमापर्यंत पेटी आण म्हणाले, नाहीतर इचलकरंजीचा एक गिटारवाला आहे, त्याच्याकडे तयार आहे. आमच्यात गिटारची खुर्ची एकच होती. मालक धमकी देत नव्हते, नुसती वेळ सांगत होते.

मी म्हटलं, आणतो. विकत आणतो असं काही मी म्हटलं नव्हतं.

खरं सांगायचं तर विकत आणायची ऐपत नव्हती, ही एक गोष्ट. पण ऐपत असती तरी मी आणली नसती, ही दुसरी, आणि ती मला तेव्हाच माहीत होती. माझ्याकडे जुन्या मासिकातल्या एका पानाची झेरॉक्स होती. त्यावर त्या पेटीचा नकाशा होता: दोन ट्रान्झिस्टर, चार-पाच बारीकसारीक वस्तू आणि एक बॅटरी. सगळा मिळून चिमूटभर संसार. जगातला एवढा मोठा दंगा एवढ्याशा सामानातून निघतो हे कळल्यावर माणूस दुकानात कसा जाईल? मी तरी नाही गेलो.

ट्रान्झिस्टर एका बंद पडलेल्या रेडिओतून काढले. तांब्याच्या पत्र्यावर नकाशा उठवायला नेलपॉलिश लागतं: जिथं ते लावाल तिथलं तांबं शिल्लक राहतं, बाकीचं रसायनात विरघळतं. मी महाद्वार रोडला बांगड्यांच्या दुकानात गेलो. दुकानदारीण म्हणाली, रंग कुठला, त्यांचा वर्ण कसा आहे? मी म्हटलं, कुठलाही चालेल, लवकर वाळणारा द्या. ती ज्या नजरेनं बघत राहिली त्या नजरेची बातमी माझ्याआधी घरी पोचली. आईनं दोन दिवस मला काही विचारलं नाही, पण जेवताना तूप जास्त वाढलं. तिसऱ्या दिवशी तिनं आपल्या ताटातल्या काळ्या पाण्यात बुडवलेला पत्रा आणि त्यावरच्या लाल रेघा बघितल्या आणि तिची सून गेली ती गेलीच. ताटही गेलं.

पायानं दाबायचं बटण कुठं मिळेना. शेवटी एका जुन्या जीपच्या मेस्त्रीनं ते दिलं. पूर्वी जीपला दिव्याचा झोत खालीवर करायचं बटण पायाशी असायचं. ड्रायव्हरनं जाड बुटानं दाबावं म्हणून केलेलं. दाबलं की टाक असा आवाज यायचा, तो पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जाई.

सगळं एका साबणाच्या प्लॅस्टिक डबीत कोंबलं, टेपरेकॉर्डरला जोडलं आणि बटण दाबलं. पहिल्यांदा काय वाजलं असेल? रेडिओ. शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम. गुळाचे भाव स्पष्ट ऐकू आले, गिटारला मी हातही लावला नव्हता. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, रेडिओ मोडून रेडिओच केलास की रं. पण मग मी तार छेडली. त्या गुळाच्या भावांच्या मागून एक आवाज आला, फणस फाडल्यासारखा. लांबलचक, चिकट, तुटता तुटेना. मी तीच तार पुन्हा छेडली, मग पुन्हा. आदल्या दिवसापर्यंत जगात नसलेला तो आवाज मी माझ्या हातानं, आईच्या ताटात केलेला होता. तो वाईट होता, हे मला कबूल आहे. पण वाईट का आहे हेही मला माहीत होतं, आणि ही चैन तयार पेटीवाल्याला मिळत नाही.

रेडिओच्या लहरी अडवायच्या तर डबी धातूची पाहिजे. तिथं आण्णा आले.

आण्णा म्हणजे माझे वडील. उद्यमनगरातल्या कारखान्यांत पॅटर्नमेकर. ओतकामासाठी वाळूत साचा उठवायचा तर त्या वस्तूचं लाकडी रूप आधी लागतं; ते करणारा हा कारागीर. आण्णांनी आयुष्यभर शेतीपंपांचीच पॅटर्नं केली. माझ्या गिटारबद्दल त्यांचं मत ते सांगत नसत, त्यावरूनच कळायचं. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे त्यांच्या कामाचं काही मागत होतो. त्यांनी चष्मा लावला.

"आत काय ऱ्हाणार?"

"बॅटरी आणि दोन ट्रान्झिस्टर."

"आणि वरनं?"

"पाय. माझा."

त्यांनी माझ्या पायाकडं जरा वेळ बघितलं. "भिंत धा एमेम ठेवू."

मी म्हटलं, आण्णा, दोन पुरंल.

"पाय देणार म्हंतोस, आणि दोन? उद्या तडकली तर लोकं विचारतील, कुणी केलती?"

त्यांनी सागवानाचं पॅटर्न केलं. गोल कोपरे, झाकणाला चार स्क्रूची जागा, सगळं पंपाच्या शिस्तीत. त्यांच्या ओळखीच्या भट्टीवर दुसऱ्या एका ओतकामातलं उरलेलं अॅल्युमिनियम पेटीच्या साच्यात गेलं. पेटी जवळजवळ तीन किलोची झाली. त्यावर त्यांनी न विचारता हिरवा रंग मारला, तोच, पंपाचा. रेडिओ बंद झाला. गुळाचे भाव जे गेले ते पुन्हा आले नाहीत.

मुरगूडला आम्ही भर दुपारी पोचलो. स्टेज उघड्यावर होतं. मी पेटी माझ्या जागेवर मांडली, तारा जोडल्या आणि चहाला गेलो. ही चूक माझी. परत येतो तर एक पावणं स्टेजवर चढून पेटीपाशी उकिडवं बसलेलं. मला बघून म्हणालं, "किती एचपीची हाय?" मी म्हटलं, नऊ व्होल्टची. त्याचा माझ्यावरचा विश्वास तिथंच संपला.

मालकांनी आवाज बघायला सांगितला. मी बटण दाबलं. टाक. आणि मग कुणी खाकरून थुंकावं तसा एकेक तुकडा बाहेर पडायला लागला. सूर नाहीच. जुन्या रेडिओतले ते ट्रान्झिस्टर गारव्यात गातात आणि तापले की असे तुटक थुंकतात, हे त्या झेरॉक्सच्या खालच्या ओळीत लिहिलेलं होतं. ती ओळ झेरॉक्समध्ये निम्मी कापली गेली होती, म्हणून मी ती कधी मनावर घेतली नव्हती. उन्हात पेटी इतकी तापली होती की तिच्यावर भाकरी शेकली असती.

मालक शांतपणे म्हणाले, "इचलकरंजी इथनं लांब न्हाय. निरोप धाडू काय?"

तेवढ्यात मागून आण्णा आले. ते कोल्हापूरहून एसटीनं आले होते. मला सांगितलंही नव्हतं. गाणी ऐकायला आलो नाही, आपलं ओतलेलं कास्टिंग कसं टिकतंय ते बघायला आलोय, असं त्यांनी मालकांना तोंडावर सांगितलं. मग पेटीवर तळहात ठेवला, लगेच काढला आणि मला विचारलं, आत तापलेलं चालत नाही काय? मी म्हटलं, न्हाय चालत. ते स्टेजखाली उतरले आणि कुठून तरी गोणपाट भिजवून घेऊन आले. पाण्यात बुडवू का, मी विचारलं. म्हणाले, तू काही करू नको. त्यांनी पेटी गोणपाटात गुंडाळली, स्टेजच्या खाली सावलीत ठेवली आणि तिच्याशेजारी बसून राहिले. दर थोड्या वेळानं गोणपाट ओलं करायचे. लोक येऊन विचारायचे, ते सांगायचे, कास्टिंग हाय.

संध्याकाळी पेटी गार झाली होती आणि गारच राहिली. धा एमेमची भिंत तापायला वेळ घेते तसा गार व्हायलाही घेते. एकदा गार झाली की मग स्टेजवरच्या दिव्यांना ती दाद देत नाही. हे आण्णांनी आधीच धरलं होतं की नंतर आपलं म्हणून सांगितलं, मला अजून माहीत नाही. त्या रात्री मी जेवढी गाणी वाजवली त्यातल्या प्रत्येक फाटक्या सुराला शिट्ट्या पडल्या. टाक आवाजालाही पडल्या. लोकांना वाटलं, तो गाण्यातच आहे.

मला वाटलं, खुर्ची राहिली.

पुढच्या रविवारी तालमीला गेलो तर माझ्या जागेवर एक नवा खोका. मालक स्वतः मुंबईहून तयार पेटी घेऊन आले होते. चकचकीत, तळहातावर मावणारी. माझ्यासाठी, फुकट. मुरगूडचं काम चांगलं झालं म्हणून. ऑर्केस्ट्रात कुणाला असं काही मिळाल्याचं मला आठवत नाही. सगळे माझ्याकडे बघत होते, ढोलकीवालासुद्धा, अंगठा धरून.

मी पेटी उलटी केली. खाली चार स्क्रू होते आणि त्यातल्या एकावर बारीक कागद चिकटवलेला.

"ह्ये काय?"

"उघडायचं न्हाय म्हणून लावलंय," मालक म्हणाले. "कागद फाटला की गॅरंटी गेली."

"आत काय हाय ते बघायचं न्हाय?"

"कशाला बघायचं? वाजतीय की. ऊन असू दे, पाऊस असू दे, वाजणार. तुझं ते गोणपाट घेऊन मी गावोगाव फिरू काय? तुझ्या आण्णांना टेम्पोत बसवू?"

तिथं बसलेले सगळे हसले. मीही हसलो, कारण हे शंभर टक्के खरं होतं. ऑर्केस्ट्रा चालवणाऱ्या माणसाला ऊन बघून वाजणारी पेटी कशी परवडेल? मालकांच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं आणि इतक्या प्रेमानं केलं नसतं. पण त्या कागदाकडे बघून माझं डोकं तापत होतं. ज्याच्यावर मी पाय देणार, ज्याच्यातून माझा सूर जाणार, त्याच्या पोटात बघायला मला बंदी? मी डेअरीत दिवसभर दुसऱ्यांनी बंद करून दिलेल्या फायली नुसत्या पुढं सरकवत असे. रविवारी तरी नको.

मी म्हटलं, "मालक, माझी हाय तीच वाजवणार."

"मग पुढच्या कार्यक्रमाला तू न्हाईस," ते म्हणाले. रागानं नाही. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "इचार कर मर्दा. चांगला हात हाय तुझा."

"केला इचार."

"कधी केलास?"

"आत्ताच की."

खुर्ची गेली. ती पुन्हा मिळाली नाही, या ऑर्केस्ट्रात नाही आणि दुसऱ्यातही नाही. इचलकरंजीचा गिटारवाला आला आणि त्यानं ती चकचकीत पेटी वर्षानुवर्षं वाजवली. तो चांगला वाजवायचा. मी एकदा लपून ऐकायला गेलो होतो आणि जळून परत आलो, हेही सांगून टाकतो, उगीच साधूपणाचा आव आणायला नको. पुढं लग्न झाल्यावर बायकोनं ही हकिकत ऐकली आणि म्हणाली, एका कागदासाठी? मी म्हटलं, व्हय, एका कागदासाठी. ती अजून अधूनमधून विचारते, आणि मी अजून तेच सांगतो. पुढं सन दोन हजारच्या सुमाराला इंटरनेट कॅफेत बसून असे नकाशे ढिगानं उतरवून घेतले, तेव्हा कळलं की जगभर माझ्यासारखी माणसं आपापल्या घरची ताटं खराब करत बसलेली आहेत. त्यातल्या कुणालाही कारण विचारलं असतं तर त्यानंही माझ्याइतकंच वाईट दिलं असतं.

त्या रविवारी मी पेटी काखेत मारून तालमीतून घरी आलो. आण्णा ओट्यावर बसले होते. पेटी परत आलेली बघून त्यांना जे कळायचं ते कळलं. त्यांनी विचारलं, "पेटीत काय दोष निघाला?"

"न्हाय. पेटी चांगली हाय."

"मग ठीक हाय," म्हणाले आणि पेपर पुन्हा उघडला.

मी आत जाऊन चारी स्क्रू काढले. बिघडलं काहीच नव्हतं. एक बारीक वस्तू काढून तिच्या जागी तिच्याहून मोठी लावली तर काय होतंय, एवढंच बघायचं होतं. कुणाला विचारायचं नव्हतं, वेळेवर कुठं पोचायचं नव्हतं. जेवायला हाका येईपर्यंत आवाज आणखी फाटला होता, पार चिंध्या झाल्या होत्या. अगदी माझ्या मनासारखा.