शांतवन उजागरेंची हाक

आमच्या गल्लीतले रेव्हरंड शांतवन उजागरे सव्वीस वर्षं इंग्लंडच्या नौदलात पाद्री होते. जन्म नागपूरचा. शिकायला विलायतेला गेले, तिथल्या अँग्लिकन चर्चमध्ये पाळक झाले आणि जहाजावर चढले. बायको वारल्यावर परतले ते समुद्रापासून इतक्या लांबच्या या गावात. थकून आले होते. खुर्चीतून उठतानाही दोनदा विचार करायचे.

त्या नौदलात पाद्र्याला स्वतःचा हुद्दा नसतो. ज्याच्याशी बोलेल, त्याचाच हुद्दा त्याचा. खलाशापुढे खलाशी, कप्तानापुढे कप्तान. झाडीपट्टीच्या नाटकांत मी तीस वर्षं राजे आणि हवालदार रंगवले, पण एका दिवसात इतक्या भूमिका मला पेलल्या नसत्या.

शेजारच्या प्रेमिलाबाईंचा मुलगा पियुष आपल्या नौदलात आहे. नवरा कोराडीच्या वीज केंद्रात होता. तो वारल्यापासून बाई एकट्या. उजागरे संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जात. दिवसभरात माणसाशी बोलणं व्हायचं ते तेवढंच.

एकदा बाईंनी सहज विचारलं, "रविवारी प्रार्थना घ्याचे, फादर. बाकी दिवस काय करत होते जी?"

खोटं बोलणं उजागरेंना जमत नाही. "कोणी मेलं की त्याच्या घरी सांगायला जायचो. फोनवर सांगत नाहीत. दार हळू वाजवायचं, घरच्यांना बसवायचं, मग सांगायचं."

"किती घरं?"

"एकतीस."

दोन दिवसांनी ते बाईंचा डबा परत द्यायला गेले. दार वाजवलं, हळू, दोनदा. बाईंनी उघडलं, त्यांना पाहिलं आणि उंबऱ्यातच खाली बसल्या. "माहा पियुष?"

उजागरेंनी डबा पुढे केला.

तो घेऊन बाई म्हणाल्या, "माफ करा फादर. पण माह्या दारात येऊ नका आता."

महिनाभर ते गॅलरीत बसून राहिले. चहाही करून घेत नसत. मी गेलो तर म्हणाले, "हाताला तसंच हळू दार वाजवायची सवय लागलीय. आता बदलायचं कसं?"

"मग वाजवू नका. रस्त्यावरूनच चहा मागा. वाईट बातमी आणणारा चहासाठी ओरडत नाही."

बाईंना मी हे सांगून आलो. त्या तांदूळ निवडत राहिल्या.

तीन संध्याकाळी गच्चीवर तालीम केली. जन्मभर हळू बोललेला माणूस, आवाज वर चढेना.

"पोटातून काढा. शेवटच्या रांगेत ऐकू गेलं पाहिजे."

"तिथे कोण बसलंय?"

"बहिरी म्हातारी. तिकीट काढून आलीय."

तेव्हा थोडे हसले.

काल पाचला ते बाईंच्या फाटकाबाहेर उभे राहिले. मी माझ्या ओट्यावरून पाहत होतो.

"प्रेमिलाबाई, चहा ठेवा!"

आवाज मधेच फाटला. समोरचं कुत्रं भुंकायला लागलं. घरातून काहीच नाही. पुन्हा ओरडण्याइतकं बळ त्यांच्यात उरलेलं दिसत नव्हतं. ते वळले.

"ठेवला," आतून आलं. "दूध नासलं पण. काळा चालते का?"

"चालेल," उजागरे नेहमीच्या आवाजात म्हणाले.

"काय म्हणून राहिले? जोरानं बोला ना जी."

फाटकाचा गज धरून उजागरे पुन्हा श्वास भरू लागले.