दादानं गाळलेले सिग्नल

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, जन्माचा टापटिपीचा. चहासुद्धा दोनदा गाळून प्यायचा. ऑफिसात त्याचं नावच पडलं होतं 'गाळणी'. ते त्याला आवडायचं, याचाच मला राग यायचा.

धरणाच्या भिंतीवर त्याचा अँटेना होता. उपग्रहांचे सिग्नल घेऊन, भिंत केसभर सरकली तरी तो सांगायचा. अडचण एकच होती. क्षितिजाजवळच्या उपग्रहांचे सिग्नल थेट येतात, आणि तेच तलावाच्या पाण्यावर आपटूनही येतात. हे उलटून आलेले सिग्नल त्याची मोजणी बिघडवायचे. दादा हात धुवून त्यांच्या मागे लागला. शेवटी त्यानं यंत्रात एक आकडाच भरून टाकला: आकाशात या उंचीच्या खाली असलेला उपग्रह नोंदवायचाच नाही. सगळ्यांत स्वच्छ नोंदींचं केंद्र म्हणून त्याला ढाल मिळाली, आणि आल्यागेल्याला ती दाखवून त्यानं आम्हाला वीट आणला.

मग तो पूर आला. धरणाखालच्या वस्तीत आमचा धाकटा राहायचा. बायको आणि मुलीला गच्चीवर चढवून तो शेजारच्या म्हातारीला आणायला गेला, तो परत आलाच नाही. वस्ती म्हणत होती, तलाव काठोकाठ भरेपर्यंत दरवाजे बंद ठेवले आणि मग एकदम उघडले. धरणवाल्यांनी हात वर केले. पाणी धोक्याच्या खुणेखालीच होतं म्हणे, पूर ओढ्यांचा. पाण्याची उंची मोजणारं यंत्र नेमकं त्या आठवड्यात बंद. अशी यंत्रं कशी बंद पडतात ते मला कुणी शिकवायला नको.

चौकशी बसली. वस्तीच्या वकिलानं एक प्राध्यापिका शोधून आणली. दादाच्या घरी बसून ती उत्साहानं सांगत होती, "काका, ते यंत्र बंद होतं तरी बिघडत नाही. पाण्यावरून उलटलेला सिग्नल किती लांबचा फेरा घालून आला, त्यावरून पाणी किती उंच होतं ते निघतं. मागच्या दिवसांचंही. तुमचा अँटेना तेव्हा चालू होता ना? फक्त खालच्या उपग्रहांच्या नोंदी द्या."

माझ्या भावजयीनं, धाकट्याच्या बायकोनं, किती महिन्यांनी मान वर केली. मी दादाकडे पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला होता.

"त्या नोंदी नाहीत," तो म्हणाला.

"पुसल्या असतील तरी कधी कधी परत मिळतात."

"पुसल्या नाहीत. घेतल्याच नाहीत. कचरा होता तो."

चौकशीतही त्यानं हेच सांगितलं. धरणवाल्यांचा वकील गोड आवाजात म्हणाला, "इतकी चोख माणसं हल्ली मिळत नाहीत." निकाल लागला: पाणी खुणेवर गेल्याचा पुरावा नाही. मला सगळ्यांचाच संताप आला, दादाचा सर्वांत जास्त. त्याचा गुन्हा काहीच नव्हता, त्यामुळे तो संताप कुठे न्यावा तेही कळेना.

बाहेर जिन्यावर भावजय थांबली. "भावजी, त्या नोंदी ठेवायला फार खर्च आला असता का? की जागा नव्हती?"

बोल रे एकदा खोटं, मी मनातल्या मनात म्हणत होते.

"काहीच लागलं नसतं," दादा म्हणाला. "एक आकडा बदलायचा होता."

"बरं," ती म्हणाली आणि मुलीचा हात धरून खाली उतरली. त्या दिवसापासून ती त्याला साहेब म्हणते.