माल वर्णनाप्रमाणे

कॅमेऱ्याच्या बॅगेत तळाला काय काय साठत जातं, ते कुणी ठरवून ठेवलेलं नसतं. लेन्सची झाकणं, संपलेले सेल, कुठल्याशा धाब्याचं बिल, बडीशेप. आमच्या रविवारच्या मंडळींचे किस्से असेच साठलेत. मला रोज चार ओळी लिहायची सवय, म्हणून माझ्याकडं जरा जास्त साठले इतकंच.

आम्ही म्हणजे हौशी फोटोवाले. रविवारी उजाडताना गोगाबाबा टेकडीवर नाहीतर तळ्याकाठी जायचं. पक्षी दिसले तर टिपायचे, नाही दिसले तर चहा प्यायचा. मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतो. कदम सर भूगोलाचे निवृत्त शिक्षक, राहायला पुंडलिकनगरात. बाळू गारखेड्याचा, लग्नाचे फोटो काढतो. लहानपणी त्यानं गावाकडं मेंढरं राखली, त्यामुळं पक्षी आवाजावरून ओळखतो. रुबीना मॅडम शाळेत इंग्रजी शिकवतात. आणि हमीदभाईंचं क्रांती चौकाजवळ कॅमेरादुरुस्तीचं दुकान आहे.

सरांना गाडी चालवता येत नाही. रविवारी ते बाळूच्या मोटारसायकलवर मागं बसून यायचे आणि पुंडलिकनगरापासून टेकडीपर्यंत त्याच्या कानात अखंड बोलायचे. ढग, खडक, नगरपालिका, काहीही. बाळू म्हणायचा, "आपल्याला हॉर्न लागत नाय. सर मागं असले की पुढचे आपोआप बाजूला व्हतात."

*

ऑनलाइन जुना कॅमेरा घ्यायचा तर जाहिरात कशी वाचायची, हे आम्हाला हमीदभाईंनी शिकवलं.

"'नए जैसा' लिखा तो समझो एक बार गिरा. 'मामूली खरोंच' लिखा तो दो बार गिरा."

"आणि 'अर्जंट सेल' लिहिलं असेल तर?" मी विचारलं.

"बीवी कू पता चल गया."

*

एवढं शिकवूनही बाळूनं ऑनलाइन लेन्स घेतलीच. लांबचं टिपणारी मोठी लेन्स, जाहिरातीत लिहिलेलं, 'अत्यंत जपून ठेवलेली.' पार्सल आलं, बाळूनं लेन्स उजेडाकडं धरली, तर भिंगाच्या आत कोळ्यानं जाळं विणावं तशी पांढरी बुरशी. आठ दिवसांवर लग्नाची ऑर्डर होती.

त्यानं साइटवर तक्रार केली. तिथं विकणारा आणि घेणारा, कुणाचंच नाव दिसत नाही, नुसते आकडे. बोलायचं ते चौकटीत लिहून, तेही इंग्रजीत. बाळूच्या वतीनं रुबीना मॅडम लिहू लागल्या.

मॅडमनी लिहिलं, 'आपले वर्णन वस्तुस्थितीशी जुळत नाही.'

पलीकडून उत्तर आलं, 'वर्णन पुन्हा एकदा लक्षपूर्वक वाचावे.'

मॅडमनी बुरशीचा फोटो पाठवला. उत्तर आलं, 'फोटो अस्पष्ट आहे. काढणाऱ्याने सराव करावा.'

मॅडम मोबाइल बाजूला ठेवून म्हणाल्या, "बाळू, ये आदमी पक्का टीचर है. मैं लिखके देती हूँ."

*

त्या रविवारी तळ्याकाठी चहा घेताना कदम सर भलतेच गरम होते.

"मला एक गिऱ्हाईक भेटलंय," ते म्हणाले. "पुण्याचा भाचा म्हणाला, मामा, पडून असलेली लेन्स ऑनलाइन विका. त्यानंच जाहिरात टाकून दिली. इतकी जपलेली वस्तू दिली, तर हा गृहस्थ म्हणतो बुरशी आहे. त्याच्याच डोळ्यांत मोतीबिंदू असणार."

बाळूला सरांचा लई कळवळा आला. "सर, असल्या माणसाला माल द्यायचाच नाय. आता माझंच बघा. मला बी एक भामटा भेटलाय. लेन्समधी बुरशीचं शेत पिकवलंय आणि वर मलाच म्हणतो सराव कर."

"असं म्हणाला?" सरांनी कप खाली ठेवला. "निर्लज्ज माणूस. सोडू नकोस त्याला. शेवटपर्यंत जा."

"जाणारच. चोर हाये चोर."

"चोरच," सर म्हणाले.

रुबीना मॅडमचा चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन तिथंच थांबला होता. शेवटी मीच विचारलं, "सर, तुमची लेन्स कोणती होती?"

सरांनी सांगितलं.

"आणि बाळू, तुझी?"

"तीच," बाळू म्हणाला. चहावाला येऊन म्हणाला, "अजून एकेक देऊ का?" आणि त्यानं कप भरूनही टाकले. पुंडलिकनगर आणि गारखेडा म्हणजे पायी जाण्याचं अंतर. ते पार्सल पुण्याचं गोडाऊन बघून आलं होतं.

परतताना सर रिक्षानं गेले.

*

साइटवाल्यांनी कळवलं, दुरुस्ती करणाऱ्याचा अभिप्राय पाठवा. दुसऱ्या दिवशी मी दोघांना हमीदभाईंच्या दुकानात बसवलं. एक या टोकाला, एक त्या टोकाला. हमीदभाईंनी टॉर्च मारून लेन्स बराच वेळ पाहिली.

"बुरशी आहे का?" मी विचारलं.

"है."

"म्हणजे मी फसवलं म्हणा की सरळ," सर म्हणाले.

"वो टॉर्च में नहीं दिखता, सर."

"मग कोणाचं बरोबर?" बाळूनं विचारलं.

हमीदभाईंनी टॉर्च बंद केला. "मेरे कू इसमें नक्को घसीटो. दोनों मेरे गिराइक है."

*

म्हणून मी बाळूला घेऊन सरांच्या घरी गेलो. सर त्यांच्या मुद्द्यावर ठाम होते. लेन्स जपलेली होती, म्हणजे होतीच. बाळू जमिनीकडं बघत बसला होता. काकू चहा घेऊन आल्या.

"ती लेन्स ना?" त्यांनी ट्रे ठेवता ठेवता सांगितलं. "पेटीत होती. रिटायरमेंटला शाल मिळाली होती ना, तिच्यात गुंडाळून. वरून प्लास्टिकची पिशवी. पिशवीला सुतळी. दोन पावसाळे काढले तिनं तसेच. मी म्हणलं, अहो जरा वारं लागू द्या, तर म्हणले, हात लावू नको, नाजूक वस्तू आहे."

बाळूनं मान वर केली. म्हणजे सरांनी खोटं लिहिलं नव्हतं. लेन्स जपलेलीच होती, आणि जपल्यामुळंच गेली होती.

"शालीला बी वास येतोय," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

सरांनी लेन्स परत घेतली. लग्नापुरती माझी लेन्स मी बाळूला दिली. बाळू सरांच्या पाया पडला. "सर, चोर म्हणलो ते मनात ठेवू नका."

"छे, छे," सर म्हणाले. "मीही तेच म्हणालो होतो की."

पण पुढच्या रविवारी सर आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे होते. मग कारण सांगणंही बंद झालं. बाळू दर रविवारी पुंडलिकनगरच्या कोपऱ्यावर गाडी थांबवून वाट बघायचा आणि एकटाच टेकडीवर यायचा. एकदा म्हणाला, "भाऊ, मागचं सीट रिकामं असलं की गाडी उडती."

*

या प्रकरणानंतर मी मोबाइलवरच्या आमच्या ग्रुपवर एक नियम केला. कुणालाही काही विकायचं असेल तर वर्णन त्यानं स्वतः लिहायचं नाही. घरातल्या माणसानं सांगायचं, आणि ते जसंच्या तसं टाकायचं.

पहिली जाहिरात रुबीना मॅडमची आली. वर्णन त्यांच्या मिस्टरांचं. 'ट्रायपॉड. एक पाय आखूड. मॅडम सात वर्षांपासून सांगतात की जमीनच तिरपी आहे.'

बाळूची बॅग त्याच्या आईनं सांगितली. 'बॅग मजबूत हाये. चेन अडकती. अडकली की पोरगं शिव्या देतंय, त्या बी लिवू का?'

माझा जुना कॅमेरा काढला तेव्हा माझ्या मुलीनं लिहिलं, 'कॅमेरा अतिशय स्वच्छ. बाबांनी पुसून पुसून कंपनीचं नाव घालवलंय. फोटो फारसे काढलेले नाहीत.'

हे सगळं खरंच विकलं गेलं, आणि टाकलं त्याच दिवशी. तिरपा ट्रायपॉड तर हमीदभाईंनी घेतला. म्हणाले, "मेरी दुकान की फर्श भी तिरछी है."

*

मग एका शनिवारी ग्रुपवर कदम सरांचा मेसेज आला. कॅमेरा, उरलेल्या लेन्स, बॅग, सगळं विकायचं आहे. आता होत नाही, असं एक वाक्य खाली.

रुबीना मॅडमचा फोन आला, "सर सचमुच छोड़ रहे हैं क्या?" मी म्हटलं, तसं दिसतंय. बाळूनं मेसेज वाचलेला दिसत होता.

शेवटी मी लिहिलं, 'सर, नियमाप्रमाणे वर्णन काकूंकडून यावं.'

तासाभरानं सरांच्याच मोबाइलवरून वर्णन आलं. काकूंनी सांगितलेलं, सरांनी टाइप केलेलं. शिक्षक माणूस, एक शब्द बदलला नव्हता.

'कॅमेऱ्यात काहीच बिघाड नाही. बिघाड मालकात आहे. रविवारी सकाळी घरात बसून माझ्या फोडणीवर भाषण देतात. कढई कुठली घ्यायची ते सांगतात. पहाटे चारला उठून बूट घालतात, कोपऱ्यावर गाडी वाजली की खिडकीतून बघतात आणि बूट काढतात. गुडघा चांगला आहे. कॅमेरा घेणाऱ्यानं मालकाला पण घेऊन जावं. सुटा कॅमेरा देणार नाही.'

बाळूनं खाली दोनच शब्द लिहिले. 'मी घेतो.'

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्यानं गाडी कोपऱ्यावर थांबवली नाही, थेट सरांच्या फाटकात नेली. मी माझ्या स्कूटरवर मागंच होतो. सर पायरीवर बसले होते. बूट पायात होते.

"काकू, पार्सल न्यायला आलोय," बाळू म्हणाला.

"बघून घे नीट," काकू दारातून म्हणाल्या. "नंतर बुरशी निघाली म्हणून आणशील परत."

"वारं लागू देतो की."

"चला, उजेड वाया चाललाय," सर म्हणाले आणि गळ्यात कॅमेरा अडकवून बाळूच्या मागं बसले. गल्ली संपायच्या आत त्यांचं बोलणं सुरू झालं होतं.

संध्याकाळी ग्रुपवर बाळूचा मेसेज आला.

'माल वर्णनाप्रमाणे मिळाला. फक्त चालू गाडीवर आवाज लई येतो, ते लिहिलं नव्हतं. तक्रार नाय.'