मुठीखालचा पिवळा दोरा

सिस्टर निवृत्त झाल्या, पण ही बातमी त्यांच्या पायांना कोणी कळवली नव्हती. इस्पितळाच्या वॉर्डात जन्मभर घातलेल्या फेऱ्या आता त्या गावभर घालत होत्या. कधी जुन्या बाजारात, कधी भंगारवाल्याच्या मागच्या खोलीत, तर कधी नदीकाठी गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांच्या रांगेत. बांबूच्या सहा कामट्या चिकटवून केलेली, बुचाची मूठ असलेली जुनी गळाची काठी दिसली, की पुढे होऊन हात लावायच्या. आयुष्यात एक तरी मासा धरलायस का, असं मुलीनं विचारलं. धरला नाही आणि धरायचाही नाही, म्हणत यांनी चपला घातल्या. पायाला भिंगरी म्हणतात ती हीच.

नदीकाठी एके काळी या काठ्यांचा कारखाना होता आणि सिस्टरचे वडील तिथे कामाला होते. काठीवर छाप पडायचा तो मालकाचा. कामट्या कोणी तासल्या, दोरा कोणी गुंडाळला, याची ना दाद ना फिर्याद. सिस्टरनी हयात असलेली माणसं गाठून एकेक हात ओळखायला शिकून घेतलं होतं. गळाची दोरी ओवायच्या कड्यांवरचा दोरा उलटा फिरलेला दिसला, की काठी डावखुऱ्या कारागिराची. व्हार्निशमध्ये ब्रशचे केस अडकलेले असले, की मालकाच्या धांदरट मेव्हण्याची. सगळ्यांचे हात सापडले, वडिलांचा तेवढा सापडेना. वडील एकदा म्हणाले होते, की मुठीखाली पिवळा दोरा दिसला की समज, काठी आपल्या घरची. आता बुचाची मूठ कापल्याशिवाय तो दोरा दिसणार कसा? सिस्टरनी स्वतःच्या पदरच्या दोन चांगल्या काठ्यांच्या मुठी कापल्या. आत लाल दोरा निघाला.

त्यात हौशी मंडळींनी जुन्या काठ्यांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि सगळ्या पाट्यांवर नाव घातलं मालकाचं. पुरावा आणा, तुमच्या वडिलांची पाटी लावतो, असं प्रदर्शनाच्या अध्यक्षांनी सांगितल्यापासून सिस्टरची झोप उडाली. ताटावर बसल्या तरी एक पाय दाराकडे. थोरल्या भावाला विचारावं, तर त्याचं ठरलेलं उत्तर यायचं: बाबा कारखान्यात बांबू शेकायच्या भट्टीत लाकडं घालायचे, काठ्या कसल्या करतायत, तू आपली स्वस्थ बस. हे ऐकलं की सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात जाई. बाबांचा कंप पावणारा हात त्यांना आठवे, आणि त्या हाताला हा मुलगा भट्टीवर बसवतो याचा राग येई. भावाशी त्या अलीकडे कामापुरतंच बोलत.

नाक्यावरच्या न्हाव्याकडे त्या कारखान्याच्या शेवटच्या वर्षांतली एक काठी होती. तो रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तीच घेऊन नदीवर जायचा. सिस्टरनी नुसती बघायला म्हणून मागितली. न्हाव्यानं दिली, पण रविवारी परत हवी, जशी आहे तशी, असं बजावून दिली. सिस्टर हो म्हणाल्या तेव्हा त्यांना खरंच नुसतं बघायचं होतं.

दुपारभर काठी टेबलावर पडून होती. सिस्टर खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, चहा ठेवला, तो उतू गेला. शेवटी इस्पितळातलं पातं काढलं आणि टाका कापावा तसा बुचाला उभा छेद दिला. हात इतका सराईत, की मनाला लाज वाटायला सवडच मिळाली नाही. बूच दुभंगलं. आत पिवळा दोरा होता, वेढ्याला वेढा लागून घट्ट बसलेला.

त्यांना रडू आलं आणि त्याच भरात त्यांनी भावाला फोन लावला.

"दादा, सापडला. पिवळा दोरा. आता म्हण, बाबा लाकडं घालायचे म्हणून."



"तू मामाकडे शिकायला होतीस तेव्हा बाबांचा हात थरथरायला लागला होता," तो म्हणाला. "कारखान्यात कळलं असतं तर काम गेलं असतं. ते काठ्या घरी आणायचे. मी शाळा सोडली आणि दोरा, मूठ सगळं मी करायचो. लाल दोरा बाबांचा. पिवळा माझा."

सिस्टर खाली बसल्या. मामाकडे दर महिन्याला आपली फी कुठून येत होती, हे त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं. मुठी कापलेल्या त्या दोन लाल दोऱ्याच्या काठ्या कोपऱ्यात उभ्या होत्या. बाबा केव्हाच सापडले होते, आणि सिस्टरनीच त्यांना बाजूला टाकलं होतं.

"मग भट्टीचं का सांगत राहिलास?"

"कोणाला सांगू नकोस म्हणाले होते. तू मुठी उघडत सुटलीस, तुला थांबवायला दुसरं काय सांगणार?"

"पाटीवर कोणाचं नाव घालू, दादा?"

"बाबांचं. माझं कशाला?" मग त्याचा आवाज बदलला, कामाचा झाला. "काठी कोणाची आहे? परत द्यायचीय ना?"

"न्हाव्याची. रविवारी."

"पातं ठेव खाली आणि कशाला हात लावू नकोस. मी निघतो, मूठ पुन्हा बांधून देतो. पिवळा दोरा आहे का घरात?"

सिस्टर उठल्या आणि शिवणाचा डबा जमिनीवर उपडा केला.