काजळकाका आणि मागची टाकी
काजळकाका हे काही खरं नाव नव्हे. पण कापड रंगवायच्या त्या कारखान्यात खरं नाव विचारतोय कोण! कोपरापर्यंत काळे हात, नखांत काळं, कानाच्या पाळीलाही काळं. दुसरं काय म्हणणार?

मागच्या आवारातली टाकी त्यांची. रंगाचं घाण पाणी तिच्यात आलं, की काका लोखंडाची बारीक पूड घट्ट चिकटवलेला कोळशाचा भुगा टाकून ढवळत राहायचे. भुगा रंग शोषून घ्यायचा. मग साखळीने भलाथोरला चुंबक खाली सोडला, की सगळा भुगा त्याला बिलगायचा आणि खाली उरायचं नितळ पाणी. मात्र चुंबक हळू उचलायचा. घाई केली, की भुगा निसटला आणि मुसळ केरात!

बायको गेल्यापासून काका बोलायचे ते टाकीशीच. घरी भिंती खायला उठायच्या. परगावच्या मुलीचा फोन यायचा, "बाबा, बरे आहात ना?" हे म्हणायचे, "मला काय धाड भरलीय!"

मग एकदा चक्कर आली. काकांनी गुपचूप रजा टाकली आणि छातीत पेसमेकर बसवून आले. मोठ्या चुंबकाजवळ जायचं नाही, यंत्र बिघडेल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. आली का पंचाईत! सांगावं तर टाकी जाणार, न सांगावं तर जीव. काकांनी मिठाची गुळणी धरली.

"हात दुखतोय, आज तू ओढ," त्यांनी कारखान्यातल्या तरुण फिटरला सांगितलं. त्या बाबाने दिला हिसका. पाणी पुन्हा काळं.

"अहो काका, लांबून काय बघता? या ना, साखळी धरा."

काका दोन पावलं गेलेसुद्धा. खोटं कशाला सांगू, त्यांना जायचंच होतं. कोणीतरी 'या' म्हणत होतं. मग ते थांबले.

"नाही येता येत. छातीत यंत्र बसवलंय."

फिटर साखळी अडकवून त्यांच्याजवळ आला. "ऑपरेशनला सोबत कोण होतं?"

मुलगी होती, असं म्हणायला काकांनी तोंड उघडलं. "कोणी नव्हतं रे," ते म्हणाले. "मुलीला माहीतच नाही."

"मग लावा की फोन. आत्ता लावा."

काकांनी फोन काढला आणि नुसताच हातात धरून बसले.

"नेहमी तिचाच येतो," ते म्हणाले. "मी कधी लावला नाही. काय म्हणून सुरुवात करायची रे?"