नळीतला उजेड

रंभाजी भिंगारदिवे लष्करातून निवृत्त झाले आणि देवळाली प्रवरेतल्या एका पतसंस्थेत पहारेकरी म्हणून लागले. बारा बोअरची बंदूक त्यांच्याच परवान्यावरची. गेल्या पावसाळ्यात ते कामावर निघाले असताना शेजारच्या उसात बिबट्या शिरला. खुरपणीच्या चार बायका आतच होत्या. हवेत बार काढून त्याला हुसकावायचं ठरलं. धावताना रंभाजी पाटात पडले आणि बंदुकीचं तोंड चिखलात रुतलं.

"उडवा की दादा, कशाची वाट बघताय?" बांधावरून निकिता ओरडली. तिची आई आत होती.

रंभाजींनी बंदूक मधून उघडली, काडतूस काढलं आणि नळी आभाळाकडे धरली. उजेड दिसेना. आजकालची काडतुसं भिजली तरी सहसा उडतात, पण नळीत चिखलाचा बोळा असेल तर नळीच फुटते आणि हात जातो. त्यांनी ठिबकचा पाइप तोडून आत घातला, बोळा ढकलून काढला, पुन्हा उजेड पाहिला. मगच बार काढला. बिबट्या ओढ्याकडे पळाला, बायका बाहेर आल्या.

संध्याकाळी त्यांनी साताऱ्याला लष्करातल्या आपल्या जुन्या उस्तादांना, मोहिते हवालदारांना फोन लावला. उजेड पाहिल्याशिवाय काडतूस भरायचं नाही, हे त्यांनीच तीस वर्षांपूर्वी कान पिळून शिकवलं होतं.

"उस्ताद, तुमच्यामुळं आज हात वाचला."

"दोन्ही हायेत ना? मग ठेव फोन, जेवतोय मी."

दुसऱ्या दिवशी निकिताच्या आईने पाटीभर कणसं आणून दिली. रंभाजींनी त्यातली निम्मी एसटीने साताऱ्याला पाठवली.